पितळ साच्यात बसेना

बाबा,

आज सकाळी रबराचे दोन्ही डबे उघडले, पांढरा आणि निळा, आणि तसेच झाकणं लावून परत फळीवर ठेवले. हातच चालेना. तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, नितीनची फर्स्ट शिफ्ट सुरू झाली. तो डबा घेऊन चाकणच्या बसला जातो आणि दुपारी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. आईही पडतात, पण झोपत नाहीत. तरी जो तो आपापल्या कामाला लागलाय, म्हणून मीही लागायचं ठरवलं, तर हे असं. बाल्कनीत ऊन भरलंय, पंखा गरम वारा फेकतोय. शेवटी तुमच्या स्टुलावर बसले आणि मनातल्या मनात तुमच्याशी बोलायला लागले. मग म्हटलं, लिहूनच काढू.

तुम्ही माण तालुक्यातून इथे कधी आलात, कोणत्या कंपनीत किती वर्षं काढलीत, हे दशक्रियेला घाटावर चार जणांनी माइकवर सांगितलं. एकानं तुम्हाला कामगार चळवळीचा आधारस्तंभ म्हटलं. तुम्ही युनियनच्या मीटिंगला डुलक्या काढायचात, हे आईंनी तिथेच माझ्या कानात सांगितलं. त्यातलं मला काही लिहायचं नाही. मला थेरगावच्या या बंद केलेल्या बाल्कनीतलं लिहायचंय, जिथे आपण दोघं, सासरे आणि सून, चार वर्षं शेजारी बसलो, आणि शेवटचे तीन महिने बसलो नाही.

मी तळवड्याची नोकरी सोडली तेव्हा घरात कोणी भांडलं नाही, पण खूशही कोणी नव्हतं. स्क्रीनसमोर बसून बसून माझी मान गेली होती आणि डोकंही जायच्या बेतात होतं. नितीन म्हणाला, "सहा महिने आराम कर, मग बघू." आई म्हणाल्या, "एवढी एसीतली नोकरी." तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. तुम्हाला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी डांगे चौकापर्यंत चालत जाऊन तुम्ही पेपर आणायचात, जो आपल्या घरीही येत होता.

मग मी पुण्यात दागिने घडवायचा दोन दिवसांचा क्लास केला आणि चांदीच्या मातीचं एक एवढंसं पाकीट घेऊन आले. जेवायच्या टेबलावर ते उघडलं तेव्हा तुम्ही समोर येऊन बसलात.

"ही कसली माती?"

मी सांगितलं. चांदीची अगदी बारीक पूड, तिला धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ आणि पाणी. कणकेसारखी लागते. आकार द्यायचा, वाळवायचा, भट्टीत घालायचा. डिंक जळून जातो, निव्वळ चांदी उरते. फक्त तुकडा थोडा आक्रसतो.

"किती आक्रसतो?"

"साधारण दहावा भाग, बाबा."

"साधारण म्हंजे? मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. तुम्ही आत जाऊन कपाटातून बारीक मोजमापाचं व्हर्निअर घेऊन आलात, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. सगळं आयुष्य टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे पोलादी साचे जिथे घडतात त्या खात्यात काढलेल्या माणसापुढे मी 'साधारण' म्हणाले होते. त्यानंतर कधी म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाल्कनीतल्या कुंड्या, बंद पडलेला कूलर आणि नितीनची जुनी सायकल हलवलीत, एक टेबल लावलंत आणि म्हणालात, "इथं बस. जेवायच्या जागी धातूची पूड नको." नोकरी सोडण्याबद्दल तुमचं काय मत होतं ते मला त्या दिवशी कळलं.

ते हातमोजे आठवतात? साच्याचं सिलिकॉन दोन भागांत येतं. पांढरं आणि निळं सारखं घ्यायचं, एक रंग होईपर्यंत मळायचं, त्यात नमुना दाबायचा. चहा होईपर्यंत ते घट्ट होतं आणि नमुना उचलला की त्याचा हुबेहूब खड्डा उरतो, तो साचा. तुम्ही त्याला शेवटपर्यंत रबरच म्हणालात, मग मीही रबर म्हणायला लागले. तर आपलं पहिलं रबर घट्ट झालंच नाही. संध्याकाळपर्यंत चिकटच. दुसऱ्यांदाही तेच. मी फोनवर दुकानदाराशी भांडले. तुम्ही मात्र वही काढलीत आणि एकाखाली एक लिहिलंत: मापं, पाणी, हवा, नमुना, हात. रोज एकच गोष्ट बदलून पाहायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. तिसऱ्या दिवशी हातमोजे काढून नुसत्या हातानं मळलंत, आणि पंधरा मिनिटांत रबर खडखडीत. तुमचेच ते कंपनीतले जुने पिवळट हातमोजे, त्यांच्यातल्या गंधकानं सगळं नासत होतं.

"आयला, माझेच हातमोजे चोर निघाले की गं!" तुम्ही एवढे खूश झालात की आईंना कणकेच्या हातांनी बाहेर बोलावलंत आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलंत. चूक स्वतःची निघाली तरी तुम्हाला आनंद व्हायचा. चूक सापडली ना, बस्स. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पुढे मी जे केलं ते केलं.

तुम्हाला त्या रबराचं फार कौतुक होतं. पोलादी साच्याच्या कडांना ढाळ द्यावा लागतो, नाहीतर माल आत अडकतो, हे तुम्ही मला कागदावर काढून दाखवलंत. "आमचं निम्मं आयुष्य त्या ढाळापायी गेलं. अन् हे बघ, वाकून सोडतंय." साचा बोटांनी मागे वाकवायचात, आतला ओलसर तुकडा अलगद सुटून तळहातावर यायचा आणि तुम्ही म्हणायचात, "सोडतंय की गं." दिवसातून दहा वेळा.

मग तुम्ही नमुने कापायला लागलात. मेणाचे मऊ नमुने तुम्हाला पसंत नव्हते. पितळ आणलंत, जुन्या कोरण्यांना धार लावलीत, आणि पहिली वस्तू काय कापलीत, तर बाभळीची शेंग. मला वाटलं होतं कमळ काढाल, मोर काढाल. "आमच्याकडं दुसरं होतं काय? शाळंच्या वाटंला बाभळीच. पोरी शेंगा कानाला अडकवायच्या," तुम्ही म्हणालात. शेंगेचे गोल गोल दाणे, मध्ये चिमटल्यासारखी जागा, आणि प्रत्येक दाण्यावर देठाकडून निघून कडेला विरत जाणाऱ्या बारीक रेघा. आक्रसणार म्हणून आधीच तेवढ्या मोठ्या मापाचं कापलेलं. पहिली जोडी भट्टीतून निघाली, पितळी ब्रशनं घासली, आणि आईंनी आपली कानातली काढून ही घातली. त्यांनी ती आजतागायत काढलेली नाही. दशक्रियेलासुद्धा. बायका बघत होत्या. बघू देत.

सांगवीच्या रेवाताईंनी आपल्या शेंगा त्यांच्या छोट्या दुकानात ठेवल्या आणि त्या खपायला लागल्या, तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी कार्डं छापून आणली होती. 'सासऱ्यांच्या हातची बाभूळशेंग.' तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि कार्ड टेबलावर ठेवलंत.

"हातची कुठली? हातचं ते पितळ. पुढं साचा काढतोय."

"पण बाबा, साच्यात दाबते मी हातानंच ना? वाळल्यावर कडा घासते ती हातानंच ना?"

"मग तुझ्या हातची म्हण."

"कोरलंय तुम्ही."

"एकदा कोरलंय. शंभरदा न्हाई."

हे भांडण आपण पुढची सगळी वर्षं भांडलो. पोहे खाताना, भट्टी थंड व्हायची वाट बघताना, दवाखान्याच्या लायनीत. एकदा तुम्ही रिक्षावाल्यालाच विचारलंत, "साच्यातून काढलेली वस्तू हातची व्हय का वो?" तो म्हणाला, "काका, बसायचंय का?" त्यात राग नव्हता. ते भांडण संपू नये असंच दोघांनाही वाटत होतं. कार्डं मात्र मी बदलली नाहीत. लोक ती वाचून हसायचे आणि घ्यायचे. सासरे आणि सून मिळून काम करतात याचंच लोकांना अप्रूप होतं.

गेल्या दिवाळीनंतर रेवाताईंनी हार मागितला. कानातल्यांपेक्षा मोठे दाणे, आणि ते पोकळ हवेत, नाहीतर गळ्याला ओझं होईल. म्हणजे प्रत्येक दाणा दोन अर्ध्यांचा: पुढचा रेघांचा, मागचा साधा. दोन वेगळे साचे, दोन्ही अर्धे वाळवायचे, पातळ केलेल्या मातीनं चिकटवायचे आणि मग भट्टी. तुम्ही पितळेचे नवे नमुने कापायला बसलात. या वेळी बरेच दिवस लागले. मी विचारलं नाही. तुम्ही दिलेत तेव्हा मी रबर मळलं, नमुना दाबला, उचलला.

रबर काही लपवत नाही. बोटाचा ठसा उमटला तर तोही घेतं. साच्यात मला दिसलं की पुढच्या दाण्यावरची तिसरी रेघ मध्येच सुटली होती. कोरणी घसरून बाजूला गेली होती, मग परत वाटेवर आणली होती. आणि बाकीच्या रेघाही, भिंगाखाली धरल्या तर, सरळ नव्हत्या. लहान लहान दातऱ्यांच्या होत्या. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही कोरणी पुसत होतात आणि फडकं तुमच्या हातात हलत होतं. किती दिवसांपासून हलत होतं कोणास ठाऊक. मी शेजारीच बसत होते.

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "मस्त झालंय, बाबा."

तुम्ही दुपारी झोपलात की मी रेघांची दुरुस्ती करायची. तुमच्या नमुन्याच्या साच्यातून मातीचा एक तुकडा काढला. तो वाळल्यावर सुटलेली रेघ पातळ मातीनं बुजवली, सुईनं नवी ओढली, बाकीच्या रेघा पॉलिश पेपरनं सारख्या केल्या. आणि त्या दुरुस्त तुकड्यावर दुसरा साचा बनवला. हाराचे सगळे पुढचे दाणे त्या साच्यातून निघाले. तुमचं पितळ मी डबीत ठेवून दिलं. मागचा अर्धा साधाच होता, तो तुमच्या पितळावरूनच घेतलेला राहिला.

तुमच्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत होते. ते निम्मं खरं होतं. तुम्ही त्या दिवसांत खूश होतात, शेजारच्यांना हाराबद्दल सांगत होतात. पण ऑर्डर होती, आणि कार्डावर तुमचा हात होता. तुमच्या हातातला दोष मला दुकानात जाऊ द्यायचा नव्हता. तुमच्या हाताच्याच नावावर.

माती नुसती वाळतानाही केसाभर आक्रसते, हे मी विसरले. विसरले असंही नाही. पुढचे अर्धे मागच्या अर्ध्यांपेक्षा किंचित लहान भरत होते, जोडावर कड राहत होती, आणि मी ती रोज घासून टाकत होते. संक्रांतीनंतर एका दुपारी मी खाली भाजी घ्यायला गेले आणि घासायचे राहिलेले दाणे ट्रेमध्ये तसेच होते. वर आले तर तुम्ही स्टुलावर बसला होतात. एक दाणा तुमच्या हातात होता आणि तुम्ही जोडावरून अंगठा फिरवत होतात.

"पायरी आहे," तुम्ही म्हणालात.

"वाळताना झालं असेल."

"सगळ्यांनाच?" तुम्ही व्हर्निअर लावलंत. हात हलत होता, म्हणून कोपर टेबलावर टेकवून दोन्ही हातांनी धरलंत. पुढचा अर्धा मोजलात, मागचा मोजलात. "पुढचा साचा कशावरून घेतलास?"

"तुमच्याच पितळावरून."

"आण पितळ."

मी डबी दिली. तुम्ही पितळ काढलंत आणि पुढच्या साच्यात ठेवलंत. ते आत जाईना. कडेवर अडून राहिलं. तुम्ही बोटानं दाबलंत, रबर ताणलं, बोट उचललं तसं पितळ पुन्हा वर आलं. दोनदा केलंत. मग साचा उजेडात धरून आतल्या रेघा पाहिल्यात. सरळ, सारख्या, माझ्या.

भाजीची पिशवी माझ्या हातातच होती.

"ही रेघ माझी न्हाई," तुम्ही म्हणालात.

"बाबा, जराशी सुटली होती. मी फक्त..."

"आधी सांगायचंस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं तर वाटलं असतं. माझं मला वाटलं असतं. तू कोण ठरवणार?"

आवाज चढला नव्हता. तुम्ही कोरण्या एकेक करून तेलाच्या फडक्यात गुंडाळल्यात, पेटीत ठेवल्यात, पेटी पलंगाखाली सरकवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डांगे चौकापर्यंत चालत जाऊन पेपर आणलात.

त्यानंतरचे तीन महिने आठवले की मला अजून थकवा येतो. अबोला म्हणावा तर तोही नव्हता. आई एकदा वैतागून म्हणाल्या, "बोला की तिच्याशी," तर तुम्ही म्हणालात, "बोलतोय की. सकाळी मीठ मागितलं." नितीननं मला विचारलं नेमकं काय झालं, मी सांगितलं, तो म्हणाला, "एवढंच?" त्यालाही मी दोष देत नाही. सांगताना ते एवढंच होतं. नितीन तुम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेला, हाताच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांचा डबा मी भरायची, त्याबद्दलही आपण बोललो नाही. हार मी पुरा केला. त्याच साच्यातून. तुम्हाला दिसेल अशा जागी बसून केला, कारण लपवायचं आता काही उरलं नव्हतं, आणि थांबवायचं धाडसही नव्हतं. एकदा नवा पितळेचा तुकडा आणून तुमच्या ताटाशेजारी ठेवला. तुम्ही तो बाजूला सारून पाण्याचा तांब्या घेतलात. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा गर्व. माफ करा, पण हेच वाटलं. राग यायचा मला तुमचा. तुमच्यासाठी केलं आणि तुम्ही मलाच चोर ठरवलंत.

साधं पडसं झालं होतं. ते छातीत उतरलं, आणि चिंचवडला दवाखान्यात न्यावं लागलं. चार दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथे थांबायची पाळी माझी होती. तोंडावर मास्क, हाताला सलाइन. तुम्ही जागे होतात. तुम्ही उजवा हात थोडा वर उचललात, आणि तो थरथरत होता. पूर्वीपेक्षा जास्त. तुम्ही हाताकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत, आणि तसंच बघत राहिलात.

मी खिडकीकडे पाहिलं, बाबा. बाहेर एक माणूस पार्किंगमध्ये स्कूटर काढत होता, ते मी पाहत राहिले. वळले तेव्हा हात खाली होता आणि डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नितीनचा फोन आला.

परवा शेलार आले होते. तुमच्या टूलरूममधले. चाकणला मुलाकडे राहतात, गुडघे दुखतात म्हणून तेराव्याला येता आलं नव्हतं. आईंनी चहा केला. शेलारांना बाल्कनी बघायची होती, तुम्ही फोनवर फार कौतुक केलं होतं म्हणे. साचे हातात घेऊन वाकवून बघत होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. का ते माहीत नाही. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

त्यांनी हातातला साचा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्हाला नाईक मिस्त्रींचं माहीत नाही का?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही ज्यांच्या हाताखाली शिकलात ते नाईक मिस्त्री. त्यांची नजर गेली होती आणि ते कोणाला सांगत नव्हते. त्यांच्या साच्यात चुका राहायला लागल्या. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत, सगळे कँटीनला गेले की, त्यांचे साचे दुरुस्त करायचात. वर्षभर. त्यांना कळू न देता, वरच्यांना कळू न देता. मग नितीन झाला आणि तुम्ही चार दिवस रजेवर गेलात. त्या चार दिवसांत मिस्त्रींचा साचा तसाच पुढे गेला, सगळा माल भंगारात गेला, आणि साऱ्या खात्यासमोर त्यांना उभं करून विचारलं गेलं. वर्षभराच्या चुका कोण निस्तरत होतं तेही निघालं. मिस्त्रींना स्टोअरला बसवलं, नट-बोल्ट मोजायला.

"तुमचे सासरे पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले होते," शेलार म्हणाले. "मी बरोबर होतो. मिस्त्रींनी पेढा घेतला नाही. म्हणाले, 'पोरा, मला सांगितलं असतंस तर मी माझ्या पायानं उठून गेलो असतो.' त्यानंतर ते यांच्याशी कधी बोलले नाहीत. रिटायर झाले, वारले. बोलले नाहीत."

शेलार गेल्यावर मी आईंना विचारलं. त्या भांडी पुसत होत्या.

"म्हाईत हाय की मला. नितीनच्या बारशाला ह्यांनी घास घेतला न्हाई."

"मग मला का नाही सांगितलंत, आई?"

"तू इचारलंस व्हय कधी?" त्यांनी फडकं झटकलं. "अन् त्यांनी तरी कुठं सांगितलं? सांगायला पायजे हुतं. तुमी दोघं बी सारकीच."

मी सकाळपासून तेच घोळवतेय. तुम्ही सांगितलं असतंत तर? तीन महिने होते आपल्याकडे, एका घरात, एका टेबलावर जेवत होतो. तुम्ही मला नाईक मिस्त्री सांगू शकला असतात. मी तुमच्यावर थोडी रागावलेली आहे, बाबा, आणि मेलेल्या माणसावर रागावून काही होत नाही, त्यानं आणखी थकायला होतं. पण मग वाटतं, सांगितलं असतं तर मी काय ऐकलं असतं? म्हणाले असते, बघा, तुम्हीही तेच केलंत ना. तुम्हाला ते ऐकायचं नसेल. मिस्त्रींना तोंड कसं दाखवावं ते कळत नव्हतं तेव्हा तुम्ही जसे पेढे घेऊन गेलात, तशी मी पितळेचा तुकडा घेऊन आले होते. तुम्हाला तो घेता आला नाही. मिस्त्रींना पेढा घेता आला नव्हता. हे मला आता कळतं. कळून उपयोग नाही तेव्हा कळतं.

दुपारी रेवाताईंना फोन केला. हार अजून त्यांच्या काचेत आहे. म्हटलं, पुढच्या दाण्यांच्या रेघा माझ्या आहेत, बाबांच्या नाहीत, कार्ड काढून घ्या. त्या म्हणाल्या, "अश्विनी, गिऱ्हाइकाला काय फरक कळतोय?"

"बाबांना कळला," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, बरं, काढते. आणि मग, "तू नीट जेवतेस ना?" मी हो म्हणाले.

आता आई उठल्यात, चहाचं भांडं वाजतंय. थोड्या वेळात हाक येईल. त्याआधी, बाबा, जे गेल्या दिवाळीनंतर बोलायचं होतं, जे दवाखान्यात तुम्ही हात उचललात तेव्हा तरी बोलायचं होतं, ते बोलून टाकते. उशीर झाला आहे हे मला माहीत आहे.

बाबा, तुमचा हात थरथरतोय. तिसरी रेघ सुटलीये, हे बघा, इथे. आता आपण काय करायचं?